वैदूंच्या औषधांची नोंद: जैवविविधता नोंदवहीत काय लिहावे आणि काय झाकून ठेवावे?

पेठचा शिक्षक

नमस्कार. मी पेठ तालुक्यातील एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षक आहे आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे लिखाणकाम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. आमची लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडे, प्राणी आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची नोंद, कागदोपत्री पूर्ण आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा बाहेरून आलेल्या एका यंत्रणेने ती आठ दिवसांत भरून दिली होती. तिच्यात आमच्या शिवारात कधीच न उगवणारी झाडे आहेत आणि झाडपाल्याची खरी माहिती असलेल्या आमच्या तिघा वृद्धांपैकी एकाचेही नाव नाही. त्या तिघांपैकी एक गेल्या फाल्गुनात वारले. आता एक वैदूबाबा आणि एक सुईण आजी उरल्या आहेत, म्हणून समितीने नोंदवही नव्याने लिहिण्याचे ठरवले आहे.

अडचण पहिल्याच दिवशी आली. मी वहीत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, वापरायचा भाग आणि उपयोग असे चार रकाने आखून बाबांसमोर बसलो. पहिल्या झाडाचे नाव विचारले, तर बाबा उठून चालायलाच लागले. ओढ्याच्या काठी एका झाडाची साल त्यांनी नखाने खरवडली, आधी स्वतः हुंगली, मग माझ्या नाकाशी धरली आणि म्हणाले, "आता लिही." काय लिहावे हे मला कळेना. त्या वासासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

माझ्या मनात तीन शंका आहेत. हे ज्ञान लिहून काढले तर लोक दवाखाना सोडून पुन्हा झाडपाल्याकडे वळतील, असे आमच्या आरोग्यसेविका ताईंना वाटते. वही एकदा पंचायतीच्या कपाटात गेली की तिची छायाप्रत व्यापाऱ्याच्या हातात जायला वेळ लागणार नाही आणि मग जंगलात मुळी उरणार नाही, अशी भीती समितीतल्या दोघा सदस्यांना आहे. माझी स्वतःची शंका निराळी आहे: ज्या औषधाचा गुण तपासलेला नाही, ते सरकारी नोंदवहीत 'उपयोगी' म्हणून लिहिण्याचा मला अधिकार आहे का? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वनस्पतिशास्त्र, नाशिक रोड

सर, तुमच्या बाबांनी पहिल्याच भेटीत तुम्हाला योग्य ती दिशा दाखवली आहे. झाडाचे नाव आणि उपयोग हा या ज्ञानाचा सर्वांत पातळ भाग असतो. खरा ऐवज कृतीत असतो: कोणत्या दिवसांत काढायचे, कोणता भाग घ्यायचा, किती ठेवून द्यायचा, कशात भिजवायचे, कशासोबत द्यायचे आणि कोणाला मुळीच द्यायचे नाही. 'उपयोग' हा रकाना खोडून तिथे 'कृती' लिहा आणि त्याला पानभर जागा ठेवा.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चीनमधले आहे. तू यूयू या संशोधिका हिवतापावर औषध शोधत होत्या आणि एका पारंपरिक वनस्पतीचा अर्क कधी गुण देई, कधी देत नसे. चौथ्या शतकातील गे हाँग यांच्या ग्रंथात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी आणि तो रस प्यावा असे लिहिलेले त्यांच्या वाचनात आले. उकळण्याचा उल्लेख तिथे नव्हता, म्हणजे उष्णतेने औषधी घटक नष्ट होत असावा, असे त्यांनी ताडले आणि १९७१ साली कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचे औषध मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथात केवळ 'तापावर उपयोगी' एवढेच लिहिलेले असते, तर त्या ओळीचा काडीइतका उपयोग झाला नसता.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. आपल्याकडे शेवळे ही रानभाजी शिजवताना काकड या झाडाची फळे किंवा चिंच घातल्याशिवाय कोणी चूल पेटवत नाही, कारण शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशात टोचतात. कडूकंद राखेत उकडून, चकत्या करून वाहत्या पाण्यात ठेवतात, त्यामुळे त्यातले कडू आणि अपायकारक घटक पाण्याबरोबर निघून जातात. रानभाजी महोत्सवातल्या फलकावर 'कडूकंद, पौष्टिक' एवढेच लिहिलेले मी पाहिले आहे. ते वाचून शहरातल्या माणसाने घरी नेऊन नुसता उकडून खाल्ला तर त्याची जबाबदारी कोणाची?

आता ओळखीबद्दल. स्थानिक नावावर विसंबू नका, कारण एकाच नावाची दोन झाडे आणि एकाच झाडाची चार नावे हा आपल्या जिल्ह्याचा नित्याचा अनुभव आहे. गुळवेलीचेच पाहा. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला आणि २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी काढा घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती दुसऱ्या जातीची वेल असू शकेल. पुढे अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात खऱ्या गुळवेलीनेही काही जणांच्या यकृताला अपाय झाल्याचे आढळले. म्हणजे दोन्ही प्रश्न खरे होते. वेल कोणती हे ठरवावे लागते आणि ती योग्य असली तरी ती कोणाला सोसणार नाही हेही पाहावे लागते. शेतात ओळखताना पानाच्या मागच्या बाजूवर अंगठा फिरवा. आपल्या नेहमीच्या गुळवेलीचे पान गुळगुळीत लागते आणि तिच्याच कुळातल्या दुसऱ्या एका वेलीचे लवदार, मखमलीसारखे लागते. बाबांना हा फरक माहीत असणारच. त्यांना विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहा.

प्रत्येक झाडाची फुलाफळांसह एक फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी येते. सोबत तारीख, ठिकाण, उंची, फुलाचा ताजा रंग आणि तुम्ही म्हणता तो वाससुद्धा लिहा, कारण वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही उडून जातात. महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभाग किंवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र यांच्याकडून नाव निश्चित करून घेता येते. तो वाळका नमुना हाच तुमचा पुरावा. वीस वर्षांनी नाव चुकले असे कोणाला वाटले, तर पुन्हा पाहता येते.

तुमच्या तिसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. 'उपयोगी' असे लिहूच नका. 'अमुक गावातील जाणकार अमुक तक्रारीवर असे देतात' असे लिहा. ती नोंद खरी आहे. औषध खरे की खोटे, हे ठरवणे नोंदवहीचे काम नव्हे.

तालुक्यातला डॉक्टर

मी आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत बरीच वर्षे काढली आहेत आणि आरोग्यसेविका ताईंची भीती मला मान्य आहे. तरीही नोंद जरूर करावी असे माझे मत आहे, कारण लोक काय घेऊन आले आहेत हे आम्हाला कधीच कळत नाही. "काही झाडपाला दिला होता का?" असे विचारले की सगळे जमिनीकडे पाहतात, कारण मागच्या खेपेला कोणीतरी त्यांना ओरडलेले असते.

कळलावीचे उदाहरण देतो. श्रावणात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येतात ती हीच, आणि प्रसूतीच्या कळा लावणारी म्हणून तिला हे नाव पडले. तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष असते. कोणी रताळे किंवा कोनफळ समजून खाल्ला, किंवा बाळंतपणासाठी पोटात दिला, तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. वरवर पाहता ही लक्षणे पटकीसारखी दिसतात, आम्ही सलाईन लावतो, रुग्णाला थोडे बरे वाटते, आणि पुढच्या काही दिवसांत रक्तपेशी घटू लागतात आणि नंतर केस गळतात. कंद खाल्ल्याचे पहिल्या तासात कोणी सांगितले तर उपचाराची दिशाच बदलते. सुईण आजींना कळलावीबद्दल जे काही माहीत आहे ते सर्व लिहून घ्या आणि त्याची एक प्रत आमच्याकडे द्या. ते वापरायचे म्हणून मागत नाही, समोरचा रुग्ण ओळखता यावा म्हणून मागतो आहे.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र मी तडजोड करणार नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश जाणवतोच असे नाही, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबतो. इथे मुळी उगाळण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. भगताला यश येते ते कशामुळे, हे लोकांना शांतपणे समजावून सांगावे लागते: चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून दहापैकी कितीतरी जण कोणाच्याही हातून बरे होतात, आणि ते यश त्या हाताच्या नावावर जमा होते. त्याच वेळी आपल्या बाजूचाही इतिहास आठवावा. विंचूदंशाने पूर्वी दवाखान्यातही माणसे दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर दाखवून दिला, त्यांचा लेख १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि त्यानंतर चित्र पालटले. त्याआधीच्या काळात मांत्रिकाकडे गेलेल्या माणसाला वेडा म्हणण्याचा हक्क आम्हाला नव्हता.

माझ्या एका केंद्राच्या हद्दीत आम्ही भगतांशी भांडणे सोडून एवढेच ठरवले होते की त्यांनी आपला मंत्र गाडीत बसून म्हणावा. १०८ ला फोन पहिला, हातपाय न हलवता रुग्णाला उचलून आणणे दुसरे, मंत्र वाटेत. दोघा भगतांनी ते मानले, एकाने मानले नाही. ज्यांनी मानले त्यांचा गावातला मान कमी झाला नाही, उलट रुग्ण घरी परतल्यावर नारळ त्यांनाच मिळाला. आम्हाला नारळ नको होता.

तेव्हा तुमच्या वहीत आणखी एक रकाना घाला: 'कोणत्या खुणेवर थांबायचे आणि दवाखान्यात पाठवायचे'. जाणत्या वैदूकडे या खुणा असतात. "डोळे पिवळे झाले की माझ्याकडे ठेवू नका" असे सांगणारे बाबा मी पाहिले आहेत. ज्याच्याकडे अशी एकही खूण नाही त्याच्यापासून मी सावध राहीन, मग तो वैदू असो की पदवीधर.

जाता जाता नागलीबद्दल, म्हणजे नाचणीबद्दल. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. आज्या नागली भिजवून, मोड आणून, वाळवून बाळासाठी दळत असत, आणि मोड आणल्याने लोह व कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट कमी होते. आता त्याच पाड्यांवर बाळाच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो. ही कृती औषधाच्या यादीत बसत नाही म्हणून वहीतून सुटू नये.

सुरगाण्याची नात

माझे आजोबा औषध द्यायचे. मी नाशिकला नोकरी करते, त्यामुळे मी जाणकार नाही, पण वरच्या चर्चेत एक बाजू राहून गेली आहे.

आजोबा झाडाचे नाव सांगत नसत. नाव सांगितले की गुण जातो, असे ते म्हणत. आम्ही शिकलेली नातवंडे त्यावर हसायचो. मी अकरावीत असताना एक जण आमच्या घरी आला, दोन दिवस जेवला, आजोबांबरोबर रानात फिरला, आणि पुढच्या भाद्रपदात गावातल्या पोरांना किलोमागे पैसे देऊन त्याने पांढरी मुसळी खणून नेली. आजोबांचा नियम असा होता की मुसळीची पाने पिवळी होऊन गळाली आणि बी जमिनीवर पडले की मगच कुदळ लावायची, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आणि मुळ्या तोडून घेतल्यावर वरचा डोळ्यांचा गड्डा परत मातीत ठेवायचा. त्या पोरांनी पाने हिरवी असतानाच गड्ड्यासकट सगळे उपटले. पुढच्या पावसात त्या उतारावर कोंबच आले नाहीत. आजोबांनी त्या माणसाला दोष दिला नाही. "मी नाव सांगितले," एवढेच ते म्हणाले.

साल काढतानाही ते झाडाच्या बुडाशी चार तांदूळ ठेवत, एका बाजूने चार बोटे रुंदीची साल घेत, आणि त्याच झाडाला वर्षभर पुन्हा हात लावत नसत. खोडाभोवती गोल साल काढली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड वाळते, हे मी नंतर पुस्तकात वाचले. तांदळाचे कारण पुस्तकात नव्हते. पण तांदूळ न्यायला विसरले तर ते रिकाम्या हाताने परत येत, म्हणजे घाईत साल काढणे आपोआप टळत असे.

म्हणून सर, बाबांनी एखादे नाव सांगायचे नाकारले तर तो रकाना रिकामा ठेवा. खोदून विचारू नका.

ग्रामसभेचा कारकून

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. जैविक विविधता कायदा २००२ नुसार नोंदवही तयार करणे, सांभाळणे आणि पडताळणे हे समितीचे काम आहे, आणि व्यापारी कारणासाठी कोणी तुमच्या हद्दीतून काही नेत असेल तर समिती त्यावर शुल्क लावू शकते. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत आलेल्या, म्हणजे संहिताबद्ध, पारंपरिक ज्ञानाच्या वापराला बरीच सवलत दिली आहे. तुमच्या बाबांचे तोंडी ज्ञान त्या ग्रंथांत नाही, म्हणूनच ते कोणाकडून आणि कधी मिळाले हे तारखेसह लिहून ठेवणे महत्त्वाचे ठरते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(१)(ट) मध्ये, इंग्रजी प्रतीत ते 'के' आहे, जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर मुसळी कधी खणायची याचा ठराव ग्रामसभाच करू शकते. आजोबांचा नियम ठरावाच्या भाषेत आणायला अर्धे पान पुरते.

दोन वह्या करा. पहिलीत झाडे, ऋतू, काढण्याचे नियम आणि धोक्याच्या खुणा असू द्या. ती सर्वांसाठी खुली ठेवा. दुसरीत कृती आणि नेमकी ठिकाणे लिहा, ती ज्याची आहे त्याच्या संमतीने, मोहोरबंद. आमच्याकडे दुसरी वही बाबांच्याच घरी पत्र्याच्या पेटीत आहे आणि किल्ली त्यांच्या सुनेकडे असते.

हरसूलकर

झाडांबरोबर जनावरांचेही लिहा. आमच्याकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरे ठेवण्याची जागा वनविभाग आणि गावकरी मिळून चालवतात. गिधाडे दिसेनाशी झाली हे गुराख्यांनी शास्त्रज्ञांच्या आधी ओळखले होते, पण कारण त्यांना सांगता येणे शक्य नव्हते. ते २००४ साली प्रयोगशाळेत कळले: जनावरांना दुखण्यावर दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसात उरते आणि गिधाडाची मूत्रपिंडे निकामी करते. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले, मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय मिळाला. तरी कोणते ढोर कुठे टाकले आणि मरण्याआधी त्याला कोणती सुई दिली होती, हे अजूनही फक्त गुराख्यालाच माहीत असते. त्या माहितीसाठी एक रकाना असावा. बैलाच्या सुजेवर जुने लोक जो लेप लावत तोही लिहा. त्याने गुण येतो की नाही ते पशुवैद्यक पाहतील, पण ज्या ढोराला लेपावर भागले त्याला सुई कमी लागली असेल.

पेठचा शिक्षक

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली आणि दोन वह्यांचा प्रस्ताव मान्य झाला. पेटी कोणाच्या घरी ठेवायची यावर तासभर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. जुन्या नोंदवहीतली आमच्याकडे नसलेली झाडे लाल शाईने खोडायचे ठरले, तेव्हा सर्वांत जास्त हशा झाला.

डॉक्टरसाहेबांचा थांबण्याच्या खुणांचा रकाना मी सुईण आजींना वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग कोणत्या बाळंतिणीला त्यांनी स्वतः बैलगाडीत घालून पेठला पाठवले होते, हे एकेक करून सांगू लागल्या. अकरा जणी झाल्या. त्या अकरा जणींची लक्षणे हीच त्या रकान्यातली पहिली नोंद असेल. कळलावीचे नाव काढताच मात्र त्यांनी माझ्या हातातली लेखणी बाजूला ठेवायला सांगितली, म्हणून ते दुसऱ्या वहीत जाईल किंवा कदाचित कुठेच जाणार नाही. धोक्याची खूण तेवढी डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला त्यांची हरकत नाही, हे मी विचारून घेतले आहे.

रविवारी बाबांबरोबर पुन्हा ओढ्यावर जाणार आहे. झाडे दाबण्यासाठी लाकडी चौकट कोणाकडे जुनी पडून असेल तर कळवावे; तोपर्यंत शाळेतले दोन पाट आणि वर जात्याची तळी ठेवून काम भागवतो.